नव्या वर्गाचा वास

सर्जापूर रोडवरच्या त्या शाळेनं सुट्टीत तिसरीचा वर्ग नवा केला. भिंतभर कपाटं, नवी बाकं, एसी आणि कायमच्या बंद खिडक्या. पालकांना तिथला वास फार आवडला. नव्या गाडीसारखा येतो म्हणे! वर्गशिक्षिका अलकाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या. प्लायवुडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतंय आणि कोंडलेल्या खोलीत मुलं तेच हुंगताहेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

मुलांचे डोळे चुरचुरू लागले. प्रांजलीला तर दमा. दुसऱ्या तासालाच तिचा पंप बाहेर निघायचा. अलकाबाईंनी तक्रार केली, तेव्हा शाळेनं भिंतीवर मोगऱ्याचा फवारा सोडणारी डबी बसवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! वर हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं. ते पकडायचं धूळ. गोंदाच्या वाफेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण त्याचा हिरवा दिवा पाहून मंडळी धन्य झाली.

"खिडक्या उघडायला पालकांची संमती हवी," असं मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं. मग अलकाबाईंनी पालकसभा मुद्दाम त्याच वर्गात भरवली, मुलांसकट, आणि दार लावून घेतलं.

पालकांचे पुढारी म्हणजे प्रांजलीचे बाबा, सुहास. पुण्याहून आलेले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि ज्यातलं काही कळत नाही त्यावर सगळ्यात जास्त बोलणारे. सभेपुढे भरपूर इंग्रजी फाडून झाल्यावर ते अलकाबाईंकडे वळले. "मॅम, बाहेर ट्रॅफिकचं पोल्यूशन बघा ना. आत प्युरिफायर आहे, ग्रीन दाखवतोय. मग इश्यू काय आहे?"

"स्वल्प थांबा," मल्लेश्वरममध्ये, कानडी शेजारात वाढलेल्या अलकाबाई त्याच वळणानं म्हणाल्या. "कळेल."

थोड्याच वेळात कुणी नाक पुसू लागलं, कुणी डोळे. सुहास खोकले. "इथे फार सफोकेटिंग होतंय. कॉरिडॉरमध्ये बोलूया का?"

झालं! एवढी शिकलीसवरलेली माणसं एकामागून एक बाहेर पडली, आणि कॉरिडॉरच्या मोकळ्या वाऱ्यात उभं राहून त्यांनी एकमतानं ठरवलं की खिडक्या बंदच राहाव्यात. मुलांना होईल सवय. आपण स्वतः बाहेर का आलो, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात शिरला नाही. अलकाबाईंना त्यांची कीवसुद्धा येईना, नुसती किळस आली.

मुलं आत तशीच बसून होती. विचारल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही, हा शाळेचा नियम. अलकाबाई त्यांना हाक मारणार, तोच प्रांजली दारापाशी आली. डोळे लाल, मुठीत पंप.

"बाबा, मी पण बाहेर येऊ?"

"अगं, विचारतेस काय? ये ना!" सुहासनी हात पुढे केला.

"आज तुम्ही आहात," अलकाबाई म्हणाल्या. "उद्या तिनं कुणाला विचारायचं?"