कडीला बांधलेलं फडकं

आमच्या इमारतीत राहणारी सगळी बिऱ्हाडं ट्रक चालवणाऱ्यांची, त्यामुळे इथे एक रीत आहे, आणि नव्या भाडेकरूला ती पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. दाराच्या कडीला फडकं गुंडाळून गाठ मारलेली दिसली की आत घरधनी झोपलाय असं समजायचं, मग बाहेर आग लागली तरी दार वाजवायचं नाही. फार तर गॅलरीतल्या खिडकीशी उभं राहून हळूच खाकरायचं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, लोक दाराला पाटी लावतात, आपण फडकं बांधतो; पाटीवर नवऱ्याचं नाव असतं, फडक्यात नवऱ्याची झोप. बोलायला त्यांना कुणी शिकवायला नको.

माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नशीबवान आहेस, घरात सासू नाही. डोंबलाची नशीबवान! सासू होती की, झोप नावाची, आणि ती दिवसाच्या कुठल्याही प्रहराला येऊन दिवाणावर पसरायची. तिच्यापायी मी कुकर लावायचा सोडला, भांडी घासताना खाली जुनं पांघरूण अंथरायला लागले, आणि लोकांच्या पोरी चालायला शिकतात तेव्हा आमची ठकू टाचा न टेकवता चालायला शिकली. ह्यांची पाळी एक आठवडा पहाटेची, एक आठवडा दुपारची, तिसऱ्यात रात्रीची, आणि चौथ्यात ऑफिसच्या मनात येईल ती. नियम कागदावर पाहिले तर डोळे भरून यावेत. इतके तास चालवलं की इतका वेळ थांबायचं, दोन फेऱ्यांच्या मध्ये घसघशीत विश्रांती घ्यायची. पण गोदामाच्या दारात रांगेत, माल उतरायची वाट बघत, इंजिनाच्या धगीवर बसून काढलेले तास ऑफिस विश्रांतीतच धरायचं. "बसलेलाच होतास ना?" म्हणायचं. मग हे घरी यायचे, पोटात दोन घास ढकलायचे, आडवे व्हायचे, उठायचे आणि जायचे, आणि सबंध महिन्यात त्यांच्या तोंडून मला ऐकू यायचं ते बहुतेक "आवाज नको" एवढंच. एकदा ठकूच्या हातून गोट्यांचा डबा पडला तेव्हा ह्यांनी झोपेतून उठून भिरकावलेल्या भांड्याचा पोचा अजून कपाटाच्या दारावर आहे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगेन.

पूर्वी लांबच्या गाडीवर दोघं असायचे. एक चालवायचा, दुसरा मागच्या फळीवर पडदा ओढून झोपायचा, ठरल्या वेळी जागा बदलायच्या. ह्यांचे जोडीदार म्हणजे मामा. आमचे कुणीच नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. मामा निवृत्त झाले आणि ऑफिसनं त्यांच्या जागी माणूसच दिला नाही, फेऱ्या मात्र तेवढ्याच ठेवल्या. आता गाडीत चालवण्याचे तास मोजणारं एक यंत्र असतं, त्याला दोन खाचा असतात. एकीत चालवणाऱ्यानं आपलं कार्ड घालायचं, दुसरीत आराम करणाऱ्यानं. एकच कार्ड असलं तर वेळ भरली की यंत्र बोंब ठोकतं, दोन असली तर गपगुमान बसतं. झालं असं, की ह्यांचं कार्ड हरवलं म्हणून ह्यांनी नवं काढून घेतलं, आणि नंतर जाकीट धुताना जुनं कार्ड मलाच अस्तराच्या आत सापडलं. परत करून टाका, मी म्हटलं. हे घेऊनही गेले, तर ऑफिसात फेऱ्या लावून देणारा साहेब हसला. अरे खुळ्या, परत कसलं करतोस, म्हणाला, दुसऱ्या खाचेत घाल.

"म्हणजे आता पुन्हा गाडीवर दोघं," हे जेवताना म्हणाले. "मीच चालवणार आणि मीच मागे झोपणार. यंत्र खूश, ऑफिस खूश."

"मग त्या झोपणाऱ्याला तरी घरी धाडा," मी म्हटलं. "त्याचं गाडीत काय काम?"

हे हसले, पुष्कळ दिवसांनी हसले. ठकूसुद्धा हसली, तिला काय कळलं देव जाणे.

त्यानंतरच्या आठवड्यात हे भर दुपारी घरी आले. लांबची फेरी होती, एवढ्यात यायला नको होते, पण फेऱ्या बदलतात, आणि ट्रकवाल्याच्या बायकोनं 'कसे आलात' विचारायचं नसतं. ते विचारलं की माणूस आल्या पावली भांडतो. मी फडकं घेऊन कडीला बांधलं आणि आत आले तर हे आडवे न होता खुर्चीवर बसलेले, दाढी केलेली, अंगाला डिझेलचा वास नाही, नुसता साबणाचा. कशी आहेस, म्हणाले. मी मागे वळून बघितलं, म्हटलं कुणाशी बोलतायत! मग ते थोडा वेळ झोपले, इतके शांत की श्वास चालू आहे की नाही बघायला मी दोनदा जवळ गेले, आणि उठल्यावर त्यांनी गळका नळ दुरुस्त केला, ठकूला पाठीवर घेतलं, तिच्याबरोबर जमिनीवर गोट्या मांडल्या. घरात गोट्यांचा आवाज होत होता आणि कुणी ओरडत नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

असे ते आणखी एक-दोनदा आले. मी म्हटलं, चला, देवाला दया आली. वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "भाऊजी रजेवर आहेत वाटतं? मजा आहे बाई एकेकीची." मी नुसती हसले.

मग एका दुपारी हे आतल्या खोलीत झोपलेले असताना माझा फोन थरथरला. आमच्याकडे घंटी बंदच असते. मी स्वयंपाकघरात जाऊन कानाला लावला. मागे ट्रकांची घरघर आणि कुणाच्या तरी शिव्या ऐकू येत होत्या.

"गोदामात अडकलोय," हे म्हणाले. आवाज पार बसलेला. "आजही यायला जमत नाही. चार दिवस झाले नाही का गं घरी येऊन?"

मी तिथूनच आतल्या खोलीत पाहिलं. दिवाणावर ह्यांची पाठ माझ्याकडे होती, पांघरूण छातीवर चढत-उतरत होतं, हातात किंवा उशाला फोन नव्हता.

"ऐकू येतंय ना?" हे फोनवर म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "जपून या."

किंचाळावं, वहिनींना बोलवावं, पोरीला उचलून बाहेर पळावं, सगळं सुचलं आणि यातलं काहीच मी केलं नाही. इतक्या वर्षांची सवय. घरात माणूस झोपलेला असताना मला मोठ्यानं श्वास घेता येत नाही. मी टाचा न टेकवता आत गेले आणि वाकून पाहिलं. ट्रक चालवणाऱ्याचा एक हात, खिडकीकडचा, कोपरापर्यंत उन्हानं भाजून काळा पडलेला असतो, दुसरा त्या मानानं उजळ. आमच्या इमारतीतल्या सगळ्या पुरुषांचे हात असे विजोड. पांघरुणावर पडलेले ते दोन्ही हात सारखेच होते, गोरे, दोन्ही एकाच ताग्यातले. उठल्यावर त्यांनी मला विचारलं, काय बघतेस. मी म्हटलं, काही नाही, चहा ठेवू का.

मला वाटायचं, हे एकट्या मलाच दिसतंय. पण एकदा शाळेतून येताना ठकूनं माझा हात ओढून विचारलं, "आई, आज दुपारचे बाबा येणार का?"

"म्हणजे कोण गं?"

"दुपारचे," ती म्हणाली, मलाच काही कळत नसल्यासारखी. "पहाटेचे ओरडतात. ते नकोत."

तिला गप्प करावं, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही, कारण खरं म्हणजे मीही तीच वाट बघत होते.

पहाटेच्या पाळीचे हे अधूनमधून यायचेच. गालफडं बसलेली, एक हात काळा ठिक्कर, पायांना सूज. मी जेवायला वाढायची, फडकं बांधायची, पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. पण आता ते ओरडत नसत. नुसते छताकडे बघत पडून राहायचे.

"झोप येत नाही गं," एकदा म्हणाले. "पोटभर जेवून उठल्यावर पुन्हा कुणी ताट पुढे ठेवावं, तसं होतं. अंग म्हणतं, झाली की झोप. पण मी कुठे झोपलोय?"

मी त्यांचे पाय चेपत होते. उशीला साबणाचा वास होता. तो त्यांनाही आला असावा, कारण त्यांनी उशी उलटी केली आणि मग पुन्हा सुलटी करून ठेवली.

"परवा घाटात गाडी आपोआप वळली," ते म्हणाले. "वळण गेल्यावर मी जागा झालो. डोळे मात्र उघडेच होते. असंच चाललं तर एक दिवस मी खाली जाणार बघ." मग म्हणाले, "ते जुनं कार्ड साहेबाच्या टेबलावर टाकून देऊ का? गाडी काढून घेतील, दुसरीकडे हमाली करावी लागेल. पण झोपेन तरी. तू सांगशील तसं करतो."

दारात ठकू उभी होती, टाचा उचलून, आणि माझ्याकडे बघत होती. हा माणूस मरणाच्या दारातून परत येऊन माझ्याकडे फक्त झोप मागत होता, माझा नवरा होता, ज्याच्याबरोबर मी संसार मांडला तो हाच होता, दुसरा नव्हे, हे मला स्पष्ट कळत होतं. आणि ते कळत असताना मी दुरुस्त झालेल्या नळाचा, गोट्यांचा, 'कशी आहेस' या दोन शब्दांचा विचार करत होते.

"एवढी ठकूची परीक्षा होऊन जाऊ द्या," मी म्हटलं. "मग बघू."

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर." ते उठले, बुटांच्या नाड्या बांधायला बसले, आणि एका बुटाची नाडी दुसऱ्या बुटात ओवत राहिले. शेवटी मीच खाली बसून बांधून दिल्या.

ठकूची परीक्षा कधीच होऊन गेली. मी काही बोलले नाही आणि ह्यांनीही विचारलं नाही. त्यांचं घरी येणंही कमी झालं. ऑफिसला असा न थकणारा माणूस सापडल्यावर ते कशाला सोडतंय! आणि दुपारचे रोज येऊ लागले.

काल दुपारी ते आत झोपले होते, ठकू त्यांच्या कुशीत झोपली होती, आणि मी गॅलरीकडच्या खिडकीशी बसून त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होते, तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. ती चाल मी झोपेतही ओळखेन. एका मजल्यावर दम खायला थांबली, मग चढली, गॅलरीतून आली आणि आमच्या दाराशी थांबली. माझ्या हातातली सुई हातातच राहिली. उठावं आणि दार उघडावं, एवढंच करायचं होतं. आतली कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. पण आत ठकू झोपेत काहीतरी पुटपुटली आणि ते तिला थोपटत हळू आवाजात म्हणाले, "झोप, झोप."

बाहेर ते ऐकू गेलं असणार. खिडकी तेवढी उघडीच होती.

मी फटीतून पाहिलं. मला फक्त हात दिसत होता, कोपरापर्यंत भाजलेला, काळा. तो कडीपर्यंत आला आणि फडक्यावर थांबला. त्या हातानं फडकं चाचपलं, अगदी जपून, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं. मी घाईत मारलेली गाठ सैल झाली होती, फडकं एका बाजूनं लोंबत होतं. मग दुसरा हातही पुढे आला. दोन्ही हातांनी त्यांनी फडकं कडीभोवती नीट गुंडाळलं, गाठ घट्ट ओढून बसवली, आणि पायातले बूट काढून हातात घेऊन, टाचा न टेकवता, जिना उतरून गेले.