बन्सी प्रेमात पडतो तो भाग

रविवारी सकाळी शामराव गजभिये यांच्या बैठकीत उशिरा येणाऱ्याला पाट घेऊन खाली बसावं लागे. खुर्च्या, दिवाण, सोफ्याचे हात, सगळं आधीच भरलेलं असे.

रायपूरच्या रेल्वे कारखान्यात मालडबे दुरुस्त करण्यात सारी नोकरी काढून शामराव निवृत्त झाले, आणि शहराजवळ सिलतऱ्याला पोलाद कारखान्यात असलेल्या त्यांच्या मुलाने, अश्विनने, घरी मोठा टीव्ही आणला, तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला. टीव्ही भिंतीवर लावून अश्विन म्हणाला, "पापा, देखो क्या मिला," आणि त्याने 'चौबे लॉज' लावून दिलं. कुणा भल्या माणसाने त्या जुन्या मालिकेचे सगळे भाग इंटरनेटवर टाकले होते. सुरुवातीची शहनाई वाजली आणि शामराव पाट ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. लग्न नवं असताना ते आणि अंजनाबाई रेल्वे क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभे राहून ही मालिका पाहायचे. त्या ओळीत टीव्ही एकच होता, आणि आतली जागा लेकरांसाठी राखीव असायची.

लहानशा गावातलं लॉज, पैशाला चिकट पण मनाने मोकळे मालक चौबेजी, येणारे-जाणारे मुशाफिर, असा सारा मामला. पण शामरावांचा जीव होता तो आचाऱ्यावर, बन्सीवर. गिऱ्हाईक भांडो, चौबेजी बोंबलोत, पोलीस दारात येवोत, बन्सी पळी हातात धरून बाहेर यायचा, "दाल चढ़ी है" एवढंच म्हणायचा आणि पुन्हा आत जायचा. त्याच्या त्या एवढ्याशा बोलण्यात कधी राग असे, कधी दया, कधी चौबेजींना दिलेली झणझणीत चपराक. कारखान्यात शामरावही तसेच होते. साहेब कितीही तापला तरी "डब्बा लागला हाये" म्हणून पुन्हा डब्याखाली शिरायचे.

तर रविवारी एक भाग, असा नेम. कॉलनीतली मंडळी येत, अंजनाबाई चहा आणि तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गरम फरा देत, आणि मालिका संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. फक्त चौदावा भाग त्या घरात लागत नसे.

चौदाव्या भागात बन्सी प्रेमात पडतो. लॉजवर एक पळून आलेली राजकुमारी उतरते, आणि जन्मात कधी दुसरं वाक्य न बोललेला बन्सी तिला पाहून शेर म्हणायला लागतो. अंगणात नाचतो. मग राजकुमारीचा बाप घोड्यावरून थेट त्या अंगणात येतो. त्याची एका बाजूची मिशी सुटून लोंबत असते. "हमें महल नहीं, मन चाहिए," असं राजकुमारी त्याला ठणकावून सांगते आणि लगेच त्याच्याच मागे घोड्यावर बसून महालात निघून जाते. पुढच्या भागात बन्सी आपला डाळ ढवळतो आहे, जणू काही झालंच नाही.

"मालगाडीत मधातच वरातीचा डब्बा जोडला कोनी," शामराव म्हणत.

चौदाव्याची पाळी आली की तो भाग लावण्याऐवजी शामराव तो करून दाखवत. डोक्यावरून टॉवेल घेऊन राजकुमारीसारखे ठुमकत चालत, मान वाकडी करून तो संवाद म्हणत, मिशीच्या जागी कंगवा धरून बाप होत आणि शेवटी दिवाणाच्या कडेला घोड्यासारखे बसून निघून जात. खालच्या मजल्यावरचे रामकृष्ण भोयर तर चौदाव्या रविवारी बाहेरगावचं काम ठेवत नसत. मूळ भाग त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, आणि पाहायची गरजही त्यांना वाटत नव्हती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या मजल्यावर सुजाता नावाची मुलगी राहायला आली. नव्या रायपूरला एका संस्थेत तिची नोकरी होती. सोबत तिची आई, इंदूताई, नागपूरला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. भाजीवाल्याच्या ठेल्यावर लाल भाजी निवडताना त्यांची आणि अंजनाबाईंची ओळख झाली, आणि अंजनाबाईंनी त्यांना रविवारी बोलावलं. इंदूताई आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि पुढे दर रविवारी येत राहिल्या. बोलत कमी, पण हसू नेमक्या जागी येई. शामरावांनी अंजनाबाईंना सांगून टाकलं की ही बाई जाणकार आहे.

मग चौदावा रविवार आला. नव्या प्रेक्षकासमोर शामरावांना विशेष हुरूप चढला. टॉवेलाऐवजी त्यांनी अंजनाबाईंची जरीच्या काठाची ओढणी मागून घेतली. ठुमकणं जरा वाढवलं, मान जरा अधिक वाकडी केली, आणि या राजकुमारीपेक्षा तो घोडा बरं काम करतो, असं एक नवं वाक्यही जोडलं. बैठक हसून लोळली. इंदूताईंनी तर पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसले.

पुढच्या रविवारी कोपऱ्यातली खुर्ची रिकामी राहिली.

सोमवारी अंजनाबाई वाटीभर फरा घेऊन वर गेल्या आणि आल्या त्या वाटी तशीच हातात घेऊन. दार सुजाताने उघडलं होतं. आई झोपली आहे म्हणाली. मग बोलता बोलता सहज म्हणाली की तुमच्या घरच्या त्या मालिकेत आईनेही तरुणपणी काम केलं होतं, राजकुमारीचं, एकाच भागात.

शामराव चपला दुरुस्त करत बसले होते. हातोडी त्यांच्या हातातच राहिली.

"काय म्हनून राहिली तू?"

"राजकुमारी. तेच. जिचं तुमी माह्या ओढनीनं सोंग केलं."

त्या दिवशी शामराव जेवले अर्धवट. आपण त्या बाईच्या तोंडावर काय काय बोललो, ते त्यांना एकेक करून आठवत गेलं. घोड्याचं वाक्य आठवलं तेव्हा ते उठून गॅलरीतच जाऊन उभे राहिले. माफी मागायला जावं, तर नुसती माफी म्हणजे तुम्ही वाईट होता हे पुन्हा सांगणंच. काहीतरी चांगलं बोलायला हवं, आणि खरं बोलायला हवं. त्यासाठी तो भाग पाहणं आलं.

दुपारी पडदे ओढून त्यांनी तो लावला. एखादी गोष्ट आपण उगाच वाईट मानली होती, असं कधी कधी निघतं. इथे तसं काही निघालं नाही. भाग त्यांच्या आठवणीपेक्षाही वाईट होता. शेर गळ्याखाली उतरेनात. नाचताना बन्सी पाय मोजत असल्याचं दिसत होतं. घोडा एकदा सरळ कॅमेऱ्याकडे पाहून शिंकला.

अंजनाबाई शेजारी येऊन बसल्या आणि पाहू लागल्या. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाल्या की त्यांना हा भाग पहिल्यापासून आवडतो.

शामरावांनी टीव्ही थांबवला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"मंग आजपर्यंत बोलली काहून नाई?"

"तुमाले सोंग करताना मजा येत होती. मले पाहाले मजा येत होती." अंजनाबाईंनी रिमोट त्यांच्या हातातून घेतला. "पन बन्सीनं काय जिंदगीभर दालच ढवळाची? त्यालेबी कोनी आवडू शकते."

त्यांनी भाग पुढे सुरू केला, आणि थोड्याच वेळात शामरावांना हवं होतं ते सापडलं. घोडा येण्याच्या जरा आधी, स्वयंपाकघरात राजकुमारी परातीशी बसून कणीक मळते आहे. मळता येत नाही. कणीक सैल होते, बोटांना चिकटते. बन्सी काही न बोलता वाकतो, तिच्या परातीत मूठभर पीठ टाकतो आणि पुन्हा आपल्या चुलीकडे वळतो. ती मान वर करून त्याच्याकडे पाहते, मग हसते. शेर नाही, शहनाई नाही. शामरावांनी ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. हा बन्सी त्यांचाच होता.

संध्याकाळी ते वर गेले. जिन्यात वाक्यं जुळवली होती. दार खुद्द इंदूताईंनी उघडलं, आणि शामराव वाक्यं विसरले, कारण इंदूताईंचा उजवा गाल भोपळ्यासारखा फुगलेला होता. दाढ काढली होती. म्हणूनच रविवारी खाली आल्या नव्हत्या, हे त्यांनी अर्ध्या तोंडाने सांगितलं. असा चेहरा घेऊन चारचौघांत कशी बसू?

शामरावांना हायसं वाटलं, पण त्यांनी हात जोडलेच.

"ताई, मी अडाण्यासारखा बोललो. मले माहीत नोतं. तुमचं काम..."

"शामराव, माझं काम भयंकर होतं," इंदूताई म्हणाल्या. "तुमचं पाहून मी इतकी हसले, की घरी येऊन दाढ ठणकायला लागली."

"तसं नाई, ताई. ती कनकेची जागा चांगली हाये. आज मी ते दोनदा पायलं. तिथं तुमी खऱ्या होत्या."

इंदूताईंनी दार पूर्ण उघडलं. शामरावांना आत बसवलं, आणि गालावर हात धरून हळूहळू सांगितलं. मुंबईची मंडळी भोपाळजवळ चित्रीकरण करत होती आणि राजकुमारी व्हायला कुणी मिळेना, म्हणून नागपूरच्या एका हौशी नाटकमंडळीतून त्यांना उचलून नेलं होतं. संवाद रात्रीतून लिहिलेले, घोडा टांग्याचा, मिशीचा गोंद उन्हाने वितळलेला. बन्सीचं काम करणारे गृहस्थ नाचायला तयारच नव्हते. बन्सी असा नाही, म्हणून सकाळभर वाद घालत होते.

"बरोबर बोलले ते," शामराव म्हणाले.

कणीक मळण्याचं मात्र कुणी लिहिलेलंच नव्हतं. जेवण यायला उशीर झाला, भूक लागली, म्हणून त्या गृहस्थांनी सेटवरच्या चुलीवर खरोखरच रोट्या टाकायला घेतल्या आणि इंदूताईंना कणकेला बसवलं. घरी लाडात वाढलेल्या त्या, कणीक कधी मळली नव्हती. कॅमेरावाला प्रकाश तपासत होता, त्याने ते टिपलं. पुढे भाग लांबीला कमी पडला तेव्हा ते मध्ये घालण्यात आलं.

"आणि मी तो भाग पाहिलाच नाही कधी," त्या म्हणाल्या. "लागला त्या दिवशी नागपूरला आमच्या भागातली लाईट गेली होती. आईने सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. मग पुढे लोकांनी इतकी टिंगल केली की पाहायचं धाडस झालं नाही. तुमच्याकडे यायला लागले ती याच आशेने, की चारचौघांत पाहिलं तर सोसवेल. आणि तुम्ही तर तो लावतच नाही."

शामराव उठले. गाल उतरला की पुढच्या रविवारी चौदावा, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

त्या रविवारी बैठकीत पाटही उरला नाही. अश्विनने ड्यूटी बदलून घेतली. भोयरांना आधी वाटलं सोंग आहे. खरा भाग लागणार म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. पण इंदूताई बोलू लागल्या आणि तेही पुढे सरकून बसले. टांग्याचा घोडा सवयीने दर दुकानापुढे थांबायचा, म्हणून त्याच्यापुढे एक माणूस गवताची पेंडी घेऊन उलटा पळत होता. पडद्याच्या कडेला त्याची टाच दिसते, ती त्यांनी बोट करून दाखवली. "हमें महल नहीं" आलं तेव्हा सगळ्या बैठकीने तो संवाद एका सुरात म्हटला, इंदूताईंचा आवाज सर्वांत मोठा. अश्विन त्यांना म्हणाला, "आंटी, आप तो स्टार निकलीं," आणि त्यांनी राजकुमारीसारखीच मान वाकडी केली.

कणकेची जागा आली तेव्हा मात्र आपोआप सगळे गप्प झाले. पडद्यावरच्या पोरीने वर पाहिलं आणि हसली. खुर्चीतल्या इंदूताई पुढे झुकल्या होत्या.

"केवढीशी होते मी," त्या हळूच म्हणाल्या. अंजनाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

भाग संपल्यावर शामरावांना राहवलं नाही. हा भाग वाईटच आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. इंदूताईंनी मान डोलावली. वाईटच आहे म्हणाल्या. अंजनाबाईंनी आपलं मत बदललं नाही.

आता सगळं गोडीत संपायला हरकत नव्हती. पण भोयरांनी विचारलं, इतक्या सगळ्या भागांत ताईंना न आवडलेला म्हणजे हाच ना? इंदूताई म्हणाल्या, छे, हा तर विनोदी आहे. त्यांना सहन होत नाही तो लॉज विकायला काढण्याचा भाग.

भोयरांनी शामरावांकडे पाहिलं. तो भाग शामरावांच्या मते मालिकेचा कळस होता. तो लागला की ते चष्मा काढून ठेवत, म्हणजे पुसायची भानगड नको.

"त्यात काय वाईट हाये?" त्यांनी विचारलं. आवाज जपून काढलेला.

"चौबेजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडतात. अंगणाला मिठी मारून रडतात, लॉजच्या पाटीला मिठी मारून रडतात. आणि ज्याची चूल जाणार आहे त्या बन्सीला तिथे काम काय? पाण्याचा पेला आणून देणं. तुम्ही बन्सीची माणसं म्हणवता ना?"

शामरावांनी पेला धरल्यासारखा हात पुढे केला. मग सांगू लागले की पेला देतानाचा बन्सीचा हात पाहा, त्या हातात सगळं आहे. इंदूताई म्हणाल्या, हात काय पाहायचा, तोंड दाखवायला दिग्दर्शकाला काय झालं होतं? भोयर शामरावांच्या बाजूने बोलले, मग त्यांना इंदूताईंचं पटलं, मग ते गप्प बसले. अश्विन ओट्यावरचा फरा घेऊन आला आणि आईला हळूच विचारू लागला, "ये लोग लड़ रहे हैं क्या?"

"हव," अंजनाबाई समाधानाने म्हणाल्या. "वरती सुजाताले सांगून ये, तिच्या आईचं जेवन आज इथंच हाये. हे काई लवकर संपत नाई."