निदर्शनास आले आहे

निकालाचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यातलं एकच वाक्य गुण्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. 'अर्जदाराने उजव्या हाताने जड वस्तू उचलल्याचे निदर्शनास आले आहे, सबब अपील फेटाळण्यात येत आहे.' खाली बारीक अक्षरांत दुसऱ्या अपिलाची सोय लिहिली होती, मुदत तीस दिवस. ती ओळ त्याच्या बायकोनं वाचली. त्यानं वाचली नाही.

"निदर्शनास आलं म्हणे! कुणाच्या?" तो म्हणाला. "कुणीतरी जाऊन सांगितलंय."

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी पाणी प्यायच्या आधी दाराची चौकट सरळ आहे का ते बघणारा हा माणूस, म्हणून फर्निचरच्या कारखान्यात सगळे त्याला गुण्या म्हणत. दोन वर्षांपूर्वी अख्खं कपाट खांद्यावर कोसळलं, तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. अपंगत्वाचा भत्ता मिळाला नाही तर घर बायकोच्या शिवणावर चालणार होतं, आणि तिला आता सुईत दोरा ओवायलासुद्धा दुसऱ्याचे डोळे लागत.

शहाण्यानं अशा वेळी दिवस मोजले असते. गुण्यानं माणसं मोजायला घेतली. पहिला नंबर लागला समोरच्या न्हाव्याचा, कारण त्याची खुर्ची थेट यांच्या दाराकडे तोंड करून होती. गुण्या आठवड्यात तीनदा दाढीला गेला, बोलता बोलता काही निसटतंय का बघायला. न्हावी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलला, पण ताकास तूर लागू दिली नाही. देणार कुठून, त्या बिचाऱ्याकडे तूरच नव्हती. मग गुण्या कारखान्याच्या मुकादमाकडे गेला. मुकादमानं कानांवर हात ठेवले आणि जाता जाता म्हणाला, "तुझा धाकटा दिसला होता मात्र. त्या भत्त्याच्या कचेरीच्या जिन्यातनं खाली येत होता. झाला असेल महिना."

झालं. घरचा भेदी सापडला. धाकटा भाऊ पॉलिशचं काम करायचा, पलीकडच्याच गल्लीत राहायचा. आता गुण्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. यानं आपल्या पटाशा, रंधे 'गंजतील रे दादा' म्हणून स्वतःकडे नेले, ते का? निकालाची तारीख तीनतीनदा का विचारली? कचेरीतल्या डॉक्टरी तपासणीनंतर रोज घरी का येत होता? एकदा माणसाला पाण्यात पाहायचं ठरवलं की त्याचं प्रेमही पुराव्यात जमा होतं.

गुण्या तडक धाकट्याच्या कामावर गेला. तिथं आणखी तिघे कारागीर होते.

"कचेरीत कशाला गेला होतास?"

धाकट्याच्या हातात पॉलिशचा बोळा होता. तो तसाच राहिला. "तुझ्याच कामाला, दादा."

"माझ्या कामाला, का माझा काटा काढायला?"

धाकट्यानं तोंड उघडलं, बाकीच्या तिघांकडे बघितलं आणि परत मिटलं. गुण्याला तेवढं पुरलं. "पुन्हा माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस," असं सगळ्यांदेखत सुनावून तो घरी आला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवण मात्र गेलं नाही.

विसाव्या दिवशी बायकोचा संयम संपला. "तीस दिवसांतले वीस तुम्ही हेरगिरीत घालवलेत. आता चपला घाला," असं म्हणून तिनं त्याला मदत केंद्रात नेलं. तिथं बसणाऱ्या बाई त्याच कचेरीतून निवृत्त झालेल्या. हे कळताच गुण्याच्या कपाळावर आठ्या.

"तुम्हाला आमची एवढी काळजी का?"

"तीस वर्षं मी तिथं लोकांना चुकीच्या खिडकीवर पाठवलं," बाई म्हणाल्या. "आता बरोबर खिडकीवर पाठवते. कुणी सांगितलं ते सोडा. निकाल कशावर दिला ते फायलीत असतं. आजच अर्ज टाका, नक्कल मागा."

नक्कल हातात आली तेव्हा पाच दिवस उरले होते. बाईंच्या टेबलाशी उभ्याउभ्याच गुण्या धाकट्याचं नाव शोधत पानं उलटायला लागला. नाव कुठंच नव्हतं. अकराव्या पानावर तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातची नोंद होती: 'प्रतीक्षेत असताना अर्जदाराने खोलीचे दार दोन्ही हातांनी उचलून बिजागरीत नीट बसवले.'

"कसलं दार?" बायकोनं विचारलं.

गुण्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन तास तो त्या दाराबाहेर बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकागणिक ते दार फरशीवर घासत होतं, करकर करकर, भातात खडा लागावा तसं. शेवटी त्याला राहवलं नाही. दार उचललं, नाण्यानं स्क्रू आवळला. हे काम केलं असं त्याला वाटलंसुद्धा नव्हतं. लाजेनं त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आणि नंतर? खांद्याचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आठ दिवस हात हलत नव्हता."

बायको थक्क झाली. ती तेव्हा आजारी बहिणीकडे होती आणि तिला यानं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"मग तेच लिहायचं. एकदा उचललं, आणि त्याचे आठ दिवस भोगले," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्या. आणि ते आठ दिवस ज्यानं डोळ्यांनी बघितलेत त्याचं निवेदन आणा. बघितलं कुणी?"

गुण्यानं खाली बघत सांगितलं, "धाकट्यानं."

"भावाचं निवेदन ते जरा हलकंच धरतात. भाऊ भावाच्या बाजूनंच बोलणार. तरी आणा."

धाकट्यानं दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. गुण्यानं उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, दारासकट. धाकटा आत गेला. अर्ध्या तासानं एक कागद घेऊन आला. गुण्या वाचायला लागला.

'अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे. सध्या आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मी त्याची चुगली केली असा आरोप त्याने चारचौघांत केला आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने लिहायचे मला काही कारण नाही. तपासणीनंतर आठ दिवस त्याचा उजवा हात हलत नव्हता. त्याला आंघोळ मी घातली, घास मी भरवले. दुखण्याने तो रडत असे. हे कुणाला सांगू नकोस, असे त्याने मला बजावले होते. हेच सांगायला मी एकदा कचेरीत गेलो होतो, पण शब्द दिला होता म्हणून जिन्यातून परत फिरलो. आजवर मी हे कुणालाही सांगितलेले नाही.'

गुण्यानं वर बघितलं. "चुकलं रे माझं—"

"बोलू नकोस," धाकटा म्हणाला. "आपण बोलत नाही असं मी लिहून दिलंय. निकाल लागेपर्यंत ते खरं राहायला हवं." आणि त्यानं दार लावून घेतलं.

गुण्यानं कागद बाईंना नेऊन दिला. बाईंनी तो दोनदा वाचला. असं निवेदन लाखात एक मिळतं, म्हणाल्या.

"निकाल कधी लागेल?" त्यानं विचारलं.

"सहा महिने धरा," बाई म्हणाल्या. "कदाचित वर्षही."