चादरींवरचे अळीव

भाची बाळंत झाल्याचा फोन आला तशी मावशीने डब्यातले अळीव कागदाच्या पुडीत बांधून ॲप्रनच्या खिशात टाकले. सुट्टी झाली की परस्पर दवाखाना गाठायचा. बाळंतिणीला दूध यायला अळिवासारखं दुसरं काही नाही, यावर तिचा ठाम विश्वास. या परक्या देशात ती नऊ वर्षं हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धूत होती, पण इथली भाषा तिला ‘गरम’, ‘गार’ आणि ‘उद्या’ एवढीच यायची.

दुपारी ॲप्रनवर चहा सांडला. तिने तो चादरींबरोबर मशीनमध्ये ढकलला. पुडीसकट!

तासाभराने दार उघडलं, तर पांढऱ्याशुभ्र चादरींवर हजारो बुळबुळीत ठिपके.

“अंडी! किड्यांची अंडी!” मुकादमबाई किंचाळल्या.

झालं. काम बंद. मॅनेजरने औषध फवारणाऱ्याला बोलावलं. तो भिंग घेऊन चादरीवर ओणवा झाला आणि बराच वेळ हुं हुं करत राहिला.

“ही जात मी आजवर पाहिली नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “अख्खं हॉटेल रिकामं करावं लागेल.”

मावशी पुढे सरसावली. तीन शब्दांत अळीव समजावणार कसे? तिने हातांचा पाळणा करून हलवला, मग छातीकडे बोट दाखवलं. मॅनेजरने लाजून मान खाली घातली. शेवटी तिने बोटभर अळीव निपटून सरळ तोंडात टाकले. साबण टाळूला झोंबला, तरी चेहरा हसरा.

मुकादमबाई पुन्हा किंचाळल्या. त्या आवाजाने पलीकडची इस्त्रीवाली धावत आली. तीही परदेशीच, पण वेगळ्या मुलखातली आणि इथल्या भाषेत तरबेज. तिने चादर पाहिली, वास घेतला.

“अहो, हे तर आमच्याकडेही बाळंतिणीला देतात!”

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. मावशीने सगळ्या चादरी झटकून तीनदा धुवायच्या, असं ठरलं. फवारणारा पंप उचलता उचलता घुटमळला.

“माझ्या बायकोला आठवा महिना आहे. दिलं तर चालेल?”

“आत्ता मुळीच नाही,” इस्त्रीवाली म्हणाली. “बाळ होऊ दे आधी.”

संध्याकाळी मावशी हात हलवत दवाखान्यात पोहोचली. सगळं ऐकून भाची कळवळली, “हसवू नकोस गं मावशी, टाके दुखतात! आणि माझे अळीव?”

“तुझ्या वाटणीचे मीच खाल्ले. साबण जरा जास्त झाला होता, एवढंच.”