कानामागची बट

मी ब्रश बोलतोय. दात घासायचा नव्हे, भिंती रंगवायचाही नव्हे. मी फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमधला ब्रश. मला दांडा नाही, केस तर एकही नाही. पडद्यावर मी दिसतो म्हणजे नुसता एक छोटासा गोल. तरी माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या केसांत गेला.

मला कोणी घडवलं ते मला ठाऊक नाही. एका दुपारी मला या कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि मी डोळे उघडले, तर समोर एक गुळगुळीत टक्कल. ते आमचे झूमकाका. कुठलाही फोटो आला की आधी चेहरा भिंतीएवढा मोठा करून न्याहाळायचे, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. बिनकेसांचा ब्रश आणि बिनकेसांचा मालक. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

काम एकच. पांढऱ्याचं काळं करायचं. पण गिऱ्हाईक तसं कधीच म्हणत नाही. खुर्चीत बसतं, फोटो बघतं आणि म्हणतं, "फ्लॅश जरा जास्त पडलाय का हो?"

"पडलाय खरा," काका गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे आणि मला हातात घ्यायचे. इतक्या वर्षांत फ्लॅशनं शेकडो डोकी पांढरी केली, पण एकाच्याही काळ्या कोटावर तो कधी पडला नाही.

एक मुख्याध्यापक दर वर्षी शाळेच्या अंकासाठी फोटो द्यायचे. दर वर्षी ते थोडे तरुण होत गेले. एका वर्षी गडबडीत त्यांच्या भुवया राहिल्या. दोन पांढरे सुरवंट आणि वर काळंभोर छप्पर! अंक छापून आला. पुढच्या वर्षी सर एवढंच म्हणाले, "या वेळी फ्लॅश खालपर्यंत पडलाय."

काकांचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं 'छान' म्हटलं की मूळ फोटो पुसून टाकायचा. "जुना ठेवला की लोक तुलना करतात, आणि तुलना केली की भांडतात," ते म्हणायचे. मलाही ते पटायचं. पांढरं दिसलं की झाकायचं, त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

मग ती मंडळी आली. मुलगा, सून, मुलगी आणि त्यांचे वडील. आई जाऊन महिना होत आला होता. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मुलाच्या मोबाईलमध्ये एकच बरा निघाला. आजी मान वळवून कोणाकडे तरी बघून हसताहेत. केसांना कलप, मुळाशी थोडा विटलेला.

"कुळकुळीत काळे करा," मुलगा म्हणाला. "आई टापटीप असायची."

"अगदी काळे नको हो," सून म्हणाली. "जरा तपकिरी झाक द्या. हॉलचे पडदे तपकिरी आहेत."

"वहिनी, पडद्यांना आई मॅच करायचीय का?" मुलगी म्हणाली.

"तसं नाही हो ताई. पण भिंतीवर उठून दिसायला नको?"

बराच वेळ आईच्या डोक्याची वाटणी चालली. शेवटी काळ्यावर ऊन पडल्यासारखी तपकिरी झाक ठरली. मुलानं दाराजवळच्या स्टुलाकडे वळून विचारलं, "बाबा, ठीक ना?" आणि उत्तराची वाट न बघता तो उठला.

ते गेल्यावर काकांनी आजींचा चेहरा भिंतीएवढा केला आणि ओरडले, "सापडली!" उजव्या कानामागे एक पांढरी बट होती. "कलप लावणारा आंधळा होता की काय!" मी दोन फटक्यांत ती बुजवली. मुलगा फोटो न्यायला आला आणि 'छान' म्हणाला. काकांनी मूळ फोटो पुसला. मुलानंही मोबाईलमधला काढून टाकला. चांगला आल्यावर जुन्यानं जागा का अडवायची?

चौथ्या दिवशी आजोबा एकटेच आले. काखेत फ्रेम.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, असं काय करता? तुमच्याच मिसेस."

"चेहरा तिचाय. पण ही बाई आमच्या घरात कधी राहिलेली नाही."

त्यांनी खिशातून एक जुना टूथब्रश काढून टेबलावर ठेवला. त्याचे केस काळे पडून कडक झाले होते. आपल्याच जातीचा, म्हणून मी निरखून पाहिलं. आजोबा म्हणाले, "बावीस वर्षं तिला कलप मीच लावला. चष्म्याला डाग पडतात म्हणून चष्मा काढून ठेवायचो. मग ही कानामागची बट दर वेळी सुटायची."

"त्या काही म्हणायच्या नाहीत?"

"म्हणायची की. 'चित्राखाली सही असते ना, तशी ही तुमची सही.' केस बांधताना मुद्दाम तेवढी वर घ्यायची. लोकांना दिसावी म्हणून."

काकांच्या टकलावर घाम आला. "आजोबा, ती बट मीच पुसली. आणि मूळ फोटो आता कुठेच नाही."

काकांनी घाईघाईनं माझ्यात पांढरा रंग भरला. आयुष्यात पहिल्यांदाच! मी कानामागे एक बट काढली.

"एवढी मोठी नाही. मी काही इतका आंधळा नव्हतो."

काकांनी मान खाली घातली. आम्ही बारीक काढली, वाकडी काढली, पाच वेळा काढली. प्रत्येक वेळी आजोबा मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "ती काढायची नसते हो. ती सुटायची असते. बाजूचे सगळेच केस पांढरे करा, आणि ते तुमच्या हातातलं इकडे द्या."

काकांनी ती सगळी बाजू पांढरी केली, माझ्यात काळा भरला आणि माऊस त्यांच्यापुढे सरकवला. आजोबांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि डोळे बारीक करून कलप लावायला घेतलं. मी कपाळावरून गेलो, कानावरून गेलो, मानेशी गेलो. कानामागे त्यांचा हात मला घेऊन पोचलाच नाही.

"झालं," ते म्हणाले आणि चष्मा लावला.

बट सुटली होती. जिथली तिथे.

दोन दिवसांनी मुलगा आला. "काका, इथे तुमची एक बट राहिलीय."

"माझी नाही," काका म्हणाले. "तुमच्या बाबांची आहे."

आता एक बटण आलंय. ते दाबलं की डोकंच्या डोकं काळं होतं, एकही केस चुकत नाही. त्यामुळे मी बहुतेक कोपऱ्यात बसून असतो. मूळ फोटो मात्र काका आता पुसत नाहीत. तुमच्यावरही कधी फ्लॅश जास्त पडलाच, तर या. मी आहेच. फक्त घरात तुमच्या डोक्याला जो कोणी कलप लावतो, त्याला बरोबर आणा. आणि त्याला चष्मा काढून बसायला सांगा.