चाक धरणारे हात

गावचा मिस्त्री नंदसेन, ज्याला सगळे बास म्हणत, त्यानं तिला म्हातारी म्हणेपर्यंत सोमलताची गाडी नुसती जुनी होती. गोल पाठीची, खडीसाखरेसारखी पांढरी, सासऱ्यानं एका गोऱ्या मळेवाल्याकडून घेतलेली ती विलायती गाडी चाळीस वर्षं किनाऱ्यावरच्या गावांतल्या नवऱ्या मुली बोहल्यापर्यंत पोचवत होती, आणि नव्या जपानी गाड्या दारात उभ्या असलेले लोकही लग्नाच्या दिवशी तिच्याचसाठी सोमलताकडे येत. नवरा आरियदास गेल्यावर सोमलता स्वतः चालवायला शिकली. बाई लग्नाची गाडी हाकते म्हणून लोक आधी हसले, मग गप्प बसले, कारण सोमलताच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

यंदा मात्र गाडीनं अंग टाकलं होतं. इंजिन चढावर धापा टाकी, तळाचा पत्रा पापडासारखा झाला होता, आणि एकदा तर नवऱ्या मुलीला शालू सावरत रस्त्यावर उतरून उभं राहावं लागलं होतं. कोलंबोला नोकरी करणारी लेक उदेशिका दर रविवारी फोनवर एकच पाढा वाचायची की अम्मे, विक ते धूड आणि धड गाडी घे. बासचंही तेच म्हणणं. तो तर त्याहून पुढं गेला होता. त्याच्याकडे एक जपानी व्हॅन होती, फारशी न वापरलेली. ती घे आणि म्हातारी मला दे, वर एक रुपया नको, असं त्यानं अंगणात उभं राहून, चहाचा कप हातात फिरवत सांगितलं होतं.

"मोडीत जाणाऱ्या गाडीच्या बदल्यात व्हॅन?" सोमलता म्हणाली. "बास, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"दादाची गाडी आहे, अक्के. माझ्याकडं राहील."

आरियदासवर त्याचा जीव होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी रेल्वे फाटकाच्या वळणावर, पहाटे सायकलवरून मासळीबाजाराला निघालेल्या आरियदासला कुठल्याशा गाडीनं उडवलं आणि ती गाडी थांबली नाही, तेव्हा फाटकापासून घरापर्यंत सुतकाची पांढरी निशाणं याच नंदसेननं स्वतःच्या हातांनी बांधली होती. सातव्या दिवसाच्या दानाला भिक्खूंना वाढायला तोच होता, तीन महिन्यांच्या दानालाही तोच. पोलीस चार दिवस लॉऱ्या तपासत फिरले आणि मग दुसऱ्या कामाला लागले. ही पांढरी गाडी तेव्हा बासकडेच होती, आदल्या दिवशीच आरियदासनं ब्रेकच्या कामासाठी तिथं सोडलेली. आठवड्यानं ती परत आली ती नवे ब्रेक आणि पुढचा डावा मडगार्ड नवा बसवून. जुना गंजला होता, दादाची इच्छा होती, असं सांगून बासनं मजुरीही घेतली नव्हती. सोमलतानं तेव्हा त्याला हात जोडले होते.

त्या हात जोडण्याची तिला पुढं फार लाज वाटायची होती.

पोलिसांनी हात झटकल्यावर ती किनाऱ्यालगत समुद्रातल्या खडकावरच्या त्या देवळात गेली, जिथं नाडलेली माणसं पाट्यावर मिरची वाटून देवाकडं न्याय मागतात. एरवी लोक चोराचं नाव घेऊन वाटतात. सोमलताकडं नाव नव्हतं. देवळाचा म्हातारा पुजारी, कपुराळ, म्हणाला की नाव नसेल तर शाप चाकावर घालावा लागेल, ज्या चाकानं मारलं त्यावर. पण बाई, चाकावर घातला की तो चाकावरच बसतो, त्याला माणूस ओळखता येत नाही. घालते, असं सोमलता म्हणाली. मूठभर लाल मिरची, काळी मिरी आणि खारं पाणी वाटता वाटता ती मोठ्यानं बोलली की त्या गाडीला त्या वळणावरून सरळ जाता येऊ नये, आणि तिचं चाक धरणाऱ्या हातांना धरलेलं सोडता येऊ नये. परत येईपर्यंत तिच्या बोटांची आग होत होती. आली ती आपल्याच गाडीतून, भाड्याच्या ड्रायव्हरबरोबर. बासची त्या दिवशी कंबर धरली होती.

गाडी डावीकडं ओढते हे तिला चालवायला शिकल्यावर कळलं. सगळीकडं नाही, फक्त रेल्वे फाटकाच्या वळणावर. तिथं आलं की हातातल्या चाकाला जणू कुणी पलीकडून हात घाली, आणि सोमलता दात आवळून ते उजवीकडं धरून ठेवी. तिनं बासला सांगितलं, त्यानं तीनदा चाकं तपासली, दर वेळी तूच चालव, मी बाजूला बसून ऐकतो, असं म्हणाला, आणि दर वेळी फाटक यायच्या आधी त्याला काही ना काही काम आठवलं. दुसरी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. गाडी थांबवली की तिची बोटं चाकावरून लगेच सुटत नसत. आधी क्षणभर, मग जरा जास्त. या वर्षी तर एक एक बोट दुसऱ्या हातानं सोडवावं लागे. पन्नाशी आली, सांधे धरले, असं म्हणून ती रात्री खोबरेल चोळून झोपायची.

व्हॅनची गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. फुकटाची मेहेरबानी तिनं जन्मात पचवली नव्हती. इंजिन बदलून, पत्रा घालून हीच गाडी आणखी दहा वर्षं चालेल का, हे एखाद्या परक्याला विचारावं म्हणून ती एका मंगळवारी गाडी घेऊन गॉलला गेली. तिथले रझीन नाना जुन्या गाड्यांचे वैद्यच होते. त्यांनी गाडी वर चढवली, दिवा घेऊन खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"नवं इंजिन टाकता येईल," नाना बाहेर येऊन हात पुसत म्हणाले. "चाकात काही दोष नाही. ही कशाला कुठं ओढेल? पण हिला डावीकडून मार बसलाय, ताई. दांडा वाकला होता, तो कुणीतरी सरळ केलाय. फार जीव लावून केलंय."

नंदसेनची एक सवय सगळ्या किनाऱ्याला माहीत होती. तो जो पत्रा बसवी त्याच्या आतल्या अंगाला खिळ्यानं तारीख कोरून ठेवी. उद्या कुणी म्हणू नये की बासचं काम किती टिकलं ते कळत नाही. नानांनी दिवा धरला. सोमलता वाकली, पदराच्या टोकानं चिखल पुसला आणि तिनं तारीख वाचली. प्राथमिक शाळेपुरतंच शिकलेली होती ती, पण ती तारीख वाचायला शाळा लागत नव्हती. आरियदासचं प्रेत त्या दिवशी घरात होतं, आणि नंदसेन दुपारी उशिरा येऊन निशाणं बांधू लागला होता. सकाळभर कुठं होतास, असं कुणी विचारलं नव्हतं. दादा गेल्याच्या दिवशी दादाच्या गाडीचा गंज काढायला कोण बसतं?

ती परत येताना फाटकाच्या वळणावर गाडीनं चाक ओढलं, तेव्हा पहिल्यांदाच सोमलतानं ते अडवलं नाही. गाडी हळूच डावीकडं सरकली आणि कडेच्या गवतात, आरियदास पडला होता बरोबर त्या जागी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं बासला निरोप धाडला की ठरलं, गाडी बदलते. पोलिसांकडं ती गेली नाही. पोलिसांना तिनं पाहिलं होतं. मात्र देवाण-घेवाण रीतीनं व्हायला हवी, असं तिनं बजावलं. जोतिष्याकडून मुहूर्त काढून आणला होता, सकाळी सात बेचाळीस, तोंड दक्षिणेला, आणि गाडी घेणाऱ्यानं तिचं चाक पहिल्यांदा स्वतःच्या हातानं धरून देवळापर्यंत जाऊन यायचं. नवी गाडी घेताना अख्खा मुलूख हेच करतो. दक्षिणेला देऊळ होतं, आणि देवळाच्या आधी फाटक.

बास आला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, व्हॅन अंगणाबाहेर लावून. चाकांखाली लिंबं ठेवायची तर त्यानं तीनच ठेवली, आणि पुढचं डावं चाक तसंच सोडून हात झटकले.

"चौथं काय तुझी आज्जी ठेवणार?" सोमलता म्हणाली, आणि तिनं ते स्वतः ठेवलं.

"अक्के, तू चालव ना," तो म्हणाला. "मी बसतो बाजूला. माझी कंबर..."

"कंबर तीन वर्षं दुखतेय तुझी. मुहूर्त तुझ्या नावाचा काढलाय. नको असेल तर नको म्हण. नानांना इंजिन टाकायला सांगते. डावा मडगार्डही काढून बघणार होते ते."

चोराच्या मनात चांदणं. तो तिच्याकडं बघत राहिला, सोमलता घड्याळाकडं. मग तो चाकामागं बसला. ती मागच्या सीटवर, नवऱ्या मुलींच्या जागेवर बसली. चार लिंबं एकामागोमाग फुटली आणि गाडी रस्त्याला लागली.

फाटक आलं. सोमलतानं पुढच्या सीटची कड धरली आणि ओढ यायची वाट पाहिली. ओढ आली नाही. गाडी वळणावरून अशी गेली की पाण्यावरून होडी जावी, जणू तिला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि आता तिची कुणाबद्दल काही तक्रार उरली नव्हती. इंजिनसुद्धा धापा टाकेना. नंदसेनच्या मानेवरचा घाम सोमलताला मागून दिसत होता. देवळासमोर किनाऱ्यावर गाडी वळवताना तो हसला आणि म्हणाला की बघ अक्के, काही नाही हिला, उगाच बोलत होतीस. तिथं तो उतरला नाही, गाडीतूनच त्यानं देवाला मान लववली. हात जोडले नाहीत.

अंगणात फणसाखाली त्यानं गाडी उभी केली. सोमलता उतरली. टेबलावर किरीबात, नारळाच्या दुधातला शुभकार्याचा भात, वड्या कापून ठेवला होता, गुळाचा खडा लावून चहा तयार होता, रीतीत काही उणं नव्हतं.

"ये की," ती म्हणाली.

तो बसून राहिला. त्यानं खांदे मागं ओढले, मग कोपरं, मग सगळं अंग. बोटं चाकाभोवती तशीच होती, नखं पांढरी पडलेली.

"अक्के," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तू त्या देवळात गेली होतीस ना?"

सोमलतानं टेबलावरचा चहा झाकला.

"मी ब्रेक बघत होतो. धुकं होतं. दादा आहे हे मला..." त्यानं पुन्हा हात ओढून पाहिले. "ज्यानं शाप घातला त्यालाच काढता येतो म्हणतात. अक्के, तू जा. तू सांग देवाला."

"मजुरी घेतली नाहीस तू माझ्याकडून," ती म्हणाली. "मी हात जोडले होते तुला."

तिनं गाडीचं दार लावलं, जोरात नाही, जसं नवरी बसल्यावर लावतात तसं, आणि ती घरात गेली. जेवणाची वेळ व्हायची होती, पण सांबोळ, मिरची-खोबऱ्याची चटणी, करायचा होता. तिनं मिरच्या पाण्यातून काढल्या, मीठ घेतलं, पाटा पुढं ओढला आणि वाटायला बसली. बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, लांबलचक, जणू कुणी त्यावर कपाळ टेकलं असावं. सोमलता वाटत राहिली. जाईन देवळात, तिच्या मनात आलं, कधीतरी जाईन. आरियदासचं यंदाचं दान आहे, ते होऊ दे, घाई कुणाला आहे. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचा दगड हलला होता, आणि तिला कडकडून भूक लागली होती.

हॉर्न थांबला. मिरची लोण्यासारखी बारीक झाली. ओलं खोबरं घालायला म्हणून तिनं वरवंटा खाली ठेवायला घेतला.

बोटं सुटली नाहीत.

तिनं दुसऱ्या हाताकडं बघितलं. तोही वरवंट्याच्या दुसऱ्या टोकाला तसाच आवळलेला होता. अंगणात फणसाखाली पांढरी गाडी उन्हात चमकत होती, आणि पाट्यावर वाटायला काही उरलं नव्हतं.