कारण: इतर

उत्पन्न विचारलं की माणसं शून्यावर संपणारा आकडा सांगतात. शिंपी, सुतार, हमाल, सगळेच. महिन्याची कमाई इतकी गोल कधीच नसते, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. या गोल आकड्यांतून खरी वाढ किती आणि तोंडाला आली म्हणून सांगितलेली किती, हे वेगळं काढण्याचा मला पगार मिळतो. तो किती, असं कुणी विचारलं तर मीही शून्यावर संपणाराच आकडा सांगते.

त्या काळात मी लिफ्ट दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या एका कोर्सचं मूल्यमापन करत होते. सुरुवातीला जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून संस्थेने चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले होते. चिठ्ठी लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची कमाई पुढे ताडून पाहायची आणि कोर्समुळे खरंच चार पैसे जास्त मिळतात का ते सांगायचं, एवढंच माझं काम.

माझ्या धाकट्या बहिणीला नेमका हाच कोर्स करायचा होता. ती आईबरोबर राहते आणि शाळांचे गणवेश शिवायची. शाळा तयार कपडे घेऊ लागल्या तेव्हापासून तिच्या शिलाई मशीनवर आईच्या औषधांच्या बाटल्या असतात. आईचा उजवा हात-पाय आजारपणात लुळा पडलाय. तिला उठवायला-बसवायला सतत कुणीतरी लागतं.

"ताई, आता तिथे जागा वाढल्यात, मला प्रवेश मिळेल," धाकटी म्हणाली. "पण मी गेले तर सकाळी आईजवळ कोण?"

"आधी कोर्सचा उपयोग होतो का ते तर कळू दे," मी म्हणाले.

शास्त्रीयदृष्ट्या या उत्तरात काही खोट नव्हती. त्यामुळे पुढच्या तुकडीचे प्रवेश सुरू झाले तेव्हाही मी तेच वापरलं.

मी एकटी राहते. माझ्याकडे एक जादा खोली आहे. तिला मी अभ्यासिका म्हणते आणि तिथे कपडे वाळत घालते. माझं सगळं काम लॅपटॉपवर चालतं. मी ऑफिसात गेले काय, घरी बसले काय, आकड्यांना कळतही नाही. पण मला शांतता लागते, आणि आईला दर थोड्या वेळाने हाक मारून समोरचं माणूस जिवंत आहे ना याची खात्री करून घ्यायची सवय आहे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी म्हणत होते, आकडे येऊ दे.

शेवटी आकडे आले. कमाई थोडी वाढलेली दिसत होती, पण अंदाजातल्या चुकीला जी जागा सोडावी लागते ती सोडली तर अजिबात वाढली नसण्याचीही शक्यता होती. ऑफिसात आमच्या सरांनी कागद लांब धरून पाहिला.

"म्हणजे उपयोग होतो?"

"होतो. किंवा होत नाही."

"एवढं तर मीही सांगितलं असतं, आणि स्वस्तात. वाढ इतकी कमी का?"

उत्तर दिलं ते आमच्या मुलाखती घेणाऱ्या बाईंनी. त्या थांबत नाहीत म्हणून ऑफिसात त्यांना रेडिओ म्हणतात. "अहो सर, चिठ्ठी लागलेल्यांतले निम्मे लोक गेलेच कुठे? कुणाकडे तान्हं मूल, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस. मी सगळं लिहून आणलं होतं. मॅडमनी सगळ्यांना 'कारण: इतर' या एका रकान्यात कोंबलं. श्वास घ्यायला जागा नाही तिथे."

"ज्यांनी कोर्स पूर्ण केला त्यांची कमाई?" सरांनी विचारलं.

"चांगली वाढलीय," मी म्हणाले. "पण ते मुळातच जास्त चिकाटीचे असू शकतात."

"बरोबर. आणि चिकाटी नसलेल्यांच्या घरीच आजारी माणसं जास्त असतात, असं अहवालात लिहायचं का?"

रेडिओंनी मुलाखतींची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. ते जास्त लागलं.

संध्याकाळी आईकडे गेले. तिसऱ्या तुकडीच्या प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. पुढची तुकडी निघेल की नाही ते माझ्याच अहवालावर ठरणार होतं. धाकटी आईची उशी सारखी करत होती.

"आले का गं तुझे आकडे?" तिने विचारलं.

"आले. सरासरी पाहिली तर थोडा फायदा दिसतो, पण..."

"हिला तहान लागलीय का विचार," आई पलंगावरून म्हणाली. "म्हणेल, अजून नक्की सांगता येत नाही."

"आई, गप गं. ताई, पण काय?"

"पण निम्मे लोक गेलेच नाहीत. त्यामुळे..."

"का गेले नाहीत?"

मी पाण्याचा पेला उचलला. तहान नव्हती.

"घरी बघायला कुणी नव्हतं म्हणून," मी म्हणाले.

धाकटी हसली नाही, चिडलीही नाही. "मग माझं नाव त्यांच्यातच घाल," ती म्हणाली आणि आईला कुशीवर वळवायला वाकली. तिचा एक हात आईच्या पाठीखाली होता, दुसऱ्याने ती चादर ओढत होती. चादर अडकली होती. मी पलीकडून जाऊन ती सोडवली आणि आईचा लुळा हात उचलून धरला. तो वाटला होता त्याहून जड होता.

"नीट धर," आई म्हणाली. "तो आकडा नाहीये."

"साधारणपणे पाहिलं तर..." मी सुरुवात केली. धाकटीने मान वर केली. मी घसा साफ केला.

"तू उद्या प्रवेश घे. आणि आई, सोमवारपासून तू माझ्याकडे राहायचं."